पहिल्या बारा तासांचा प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा गुन्हा नोंदला जाण्यास सुमारे बारा तास लागले. मुलींची वये चार वर्षांच्या आसपास होती. २० ऑगस्ट रोजी लोक रेल्वेमार्गावर उतरले. ज्या शहरातील हजारो माणसे रोज पहाटे लोकलला लोंबकळत मुंबईच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जातात, त्या शहराने त्या दिवशी आपलीच लोकल सुमारे दहा तास रोखून धरली. त्यानंतर मात्र चक्रे फिरू लागली. तीन पोलीस निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, जलदगती न्यायालयाच्या घोषणा झाल्या, आणि रेल्वेमार्गावर उतरलेल्या शेकडो माणसांवरही न विसरता गुन्हे दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट रोजी प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तोवर दुसऱ्या मुलीच्या कुटुंबाचा जबाब धडपणे नोंदलाही गेला नव्हता. कुटुंबाच्या घरी जाऊन जबाब घेण्याऐवजी कुटुंबालाच ठाण्यात बोलावल्याबद्दल न्यायालयाने पुढे नापसंती व्यक्त केली. लोकक्षोभ उसळल्यावाचून यंत्रणा हलतच नाही, असे उद्वेगाचे उद्गार खंडपीठाला काढावे लागले.

महिन्याभराने, २३ सप्टेंबर रोजी, ह्या प्रकरणातील एकमेव प्रमुख आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने, मुंब्रा वळणरस्त्यावर मारला गेला. आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणार्थ पोलिसांना गोळी चालवावी लागली, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. बदलापुरात पेढे वाटले गेले. फलक लागले. जे सरकार पालकांची तक्रार बारा तास नोंदवू शकले नव्हते, त्याच सरकारचे ‘तत्पर न्याया’साठी अभिनंदन सुरू झाले. दंडाधिकारी चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. गाडीतील पाच पोलिसांना ह्या मृत्यूस जबाबदार धरणारा आणि वापरलेले बळ असमर्थनीय ठरविणारा तो अहवाल होता. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून त्याचा तपास करण्याचा आदेश दिला. ह्या अहवालाचे फलक कोणी लावले नाहीत.

बालकांवरील अत्याचारांच्या तपासाविषयी महाराष्ट्रात जे काही बोलले जाते, ते बहुधा ह्या दुसऱ्या घटनेभोवती फिरते. गोळी घालावी की फाशी द्यावी, एवढाच काय तो वादाचा विषय उरतो. पहिली घटना, म्हणजे ते बारा तास, चर्चेतून निसटून जातात. वस्तुतः प्रश्न त्या बारा तासांचाच आहे. अशा प्रकरणांत खटला न्यायालयात हरला किंवा जिंकला जात नाही. तो ठाणे अंमलदाराच्या मेजासमोर, पहिल्या दिवशीच, हरला किंवा जिंकला जातो.

ह्याचे कारण अत्याचाराच्या स्वरूपातच आहे. दरोड्याला साक्षीदार असतो, खुनाला प्रेत असते. बालकावरील लैंगिक अत्याचाराला बहुतेक वेळा ह्यांपैकी काहीच नसते. शरीरावर खूण उरतेच असे नाही. किंबहुना बहुसंख्य प्रकरणांत ती उरत नाही. ज्याने अत्याचार केला तो परका नसतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून केलेल्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि निम्मे अत्याचारी हे मुलांच्या विश्वासातले, त्यांच्यावर अधिकार असलेले लोक होते. म्हणजे काका, शेजारी, शिकवणीचे गुरुजी, वसतिगृहाचा अधीक्षक. अशा वेळी पुरावा कोठे असतो? तो मुलाच्या तोंडून निघणाऱ्या तुटक शब्दांत असतो, दोन दिवसांत धुतल्या जाणाऱ्या कपड्यांवर असतो, आणि काही दिवसांनी पुसल्या जाणाऱ्या शाळेतील कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणात असतो. तिन्ही गोष्टी नाशवंत आहेत. बारा तासांत त्यांतील किती उरेल ह्याचा हिशेब ठाण्यातील अनुभवी हवालदारालाही ठाऊक असतो.

कायदा कमी पडतो असे म्हणण्यास जागा नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला सर्वत्र ‘पोक्सो’ म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे, आणि तपासाची पद्धत त्यात जितकी बारकाईने घालून दिली आहे तितकी भारतातील फारच थोड्या कायद्यांत आढळेल. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यावा. शक्यतो तो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाची नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा. तिच्या अंगावर गणवेश नसावा. आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये. मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. आईवडील किंवा मुलाचा ज्यावर विश्वास आहे असे माणूस सोबत असावे. मूल बोलते ती भाषा कळणारा दुभाषा असावा. शक्य तेथे जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण व्हावे. २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावे. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी, आणि गुन्हा नोंदला गेला नसला तरी करावी. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. अत्याचाराची माहिती असून ती न कळविणे हा गुन्हा. माहिती मिळूनही ती न नोंदविणे हाही गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

आता हे सर्व वाचून कोणत्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जावे. स्त्री उपनिरीक्षक असेलच असे नाही. असली तर ती मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेलेली असते. जबाब घेणारा अधिकारी आदल्या रात्रीची गस्त संपवून आलेला असतो, त्याच्यापुढे अपघाताचे दोन पंचनामे पडलेले असतात, आणि त्याच खोलीत दारूबंदीतले दोघे उकिडवे बसलेले असतात. मुलीची आई हळू आवाजात सांगू लागते, आणि तो म्हणतो, “जरा मोठ्याने बोला, बाई.” मग “खरेच झाले का? की तिला कोणी शिकवले? शाळेशी काही भांडण आहे का तुमचे?” असे विचारून झाल्यावर, साहेब आल्याशिवाय काही होणार नाही असे सांगून तिला बाकावर बसविले जाते. हा दुष्टपणाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आळस असतो, भीती असते, आणि ठाण्याच्या हद्दीतील गुन्ह्यांचा आकडा वाढू न देण्याचा वरून आलेला दबाव असतो. पण बाकावर बसलेल्या आईच्या दृष्टीने ह्या तिन्हींत काही फरक पडत नाही.

ह्या दबावाला एकदा लेखी रूपही मिळाले होते. जून २०२२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी असे परिपत्रक काढले की, विनयभंग किंवा पोक्सोखालील गुन्हा नोंदविण्यापूर्वी सहायक आयुक्ताची शिफारस आणि उपायुक्ताची परवानगी घ्यावी. जुनी भांडणे, मालमत्तेचे तंटे, पैशांचे व्यवहार ह्यांतून खोट्या तक्रारी होतात, असे कारण देण्यात आले. खोट्या तक्रारी होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण खरे-खोटे ठरविण्यासाठीच तपास असतो. तपासाचे दार बंद करून दाराबाहेरच खरे-खोटे ठरविण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? बालहक्क आयोगांनी आणि कायद्याच्या जाणकारांनी टीका केल्यावर तो निर्णय टिकला नाही. परंतु परिपत्रक गेले तरी त्यामागील वृत्ती कोठेही गेली नाही, हे दोन वर्षांनी बदलापुरात दिसले.

लहान मुलाला विचारायचे कसे, हा ह्या सर्वांतील सर्वांत कठीण भाग आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. चार वर्षांच्या मुलीला तारीख-वार सांगता येत नाही. ‘काल’ म्हणजे तिच्या लेखी होऊन गेलेला कोणताही दिवस असतो. शरीराच्या अवयवांना तिच्या घरात जे लाडके शब्द असतील तेच तिला ठाऊक असतात, आणि तिने सांगितलेला ‘मुंगी चावली’ हा शब्द लिहून घेणाऱ्याने ‘लैंगिक अत्याचार केला’ असा सरकारी मराठीत उतरवला की, न्यायालयात उलटतपासणी करणारा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की, बाळ, हे शब्द तुझे का? मूल नाही म्हणते. एक साक्ष तेथेच संपते. मुलाचे शब्द मुलाच्याच भाषेत, जसेच्या तसे उतरवणे हे वरवर कारकुनी वाटणारे काम असल्या प्रकरणांत सर्व कलमांहून मोलाचे आहे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. मूल मोठ्यांना खूश करू पाहते. ‘त्या काकांनी इथे हात लावला ना?’ असे दहादा विचारले तर अकराव्यांदा ते हो म्हणेल. अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर १९८३ साली असे आरोप झाले. मुलाखती घेणाऱ्यांनी शेकडो मुलांना सूचक प्रश्न विचारून, एकाचे म्हणणे दुसऱ्याला ऐकवून आणि बाहुल्या हाती देऊन अशी काही विधाने मिळविली की, त्यांतील खरे कोणते आणि मुलांना सुचविलेले कोणते हे कोणालाही वेगळे करता येईना. १९९० पर्यंत खटला चालला. तोपर्यंतच्या अमेरिकेच्या इतिहासातील तो सर्वांत लांब आणि सर्वांत खर्चिक फौजदारी खटला ठरला. आणि एकालाही शिक्षा झाली नाही. तेथे काही घडले होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही. वाईट चौकशीने दोन्हीकडची माणसे मारली जातात, आणि म्हणून मुलाशी बोलण्याचे शास्त्र नंतरच्या काळात बारकाईने बांधले गेले: खुले प्रश्न, सावकाश वेग, एकदाच आणि नोंद करून. भारतातील कायद्यात ध्वनिचित्रमुद्रणाची तरतूद आली ती ह्याच शहाणपणातून. पण मुद्रण ‘शक्य तेथे’ करायचे आहे, आणि सरकारी भाषेत ‘शक्य तेथे’ ह्याचा अर्थ बहुधा ‘नको तेथे’ असा होतो.

एकदाच विचारावे, हे तत्त्व तर पार धुळीस मिळाले आहे. मूल प्रथम आईला सांगते. मग वर्गशिक्षिका विचारते, मुख्याध्यापक विचारतात, संस्थेचे विश्वस्त ‘खात्री करून घेतात’. मग खासगी डॉक्टर, मग ठाणे अंमलदार, मग तपास अधिकारी, मग सरकारी रुग्णालयातील डॉक्टर, मग दंडाधिकारी, मग बालकल्याण समिती, आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालय. प्रत्येक वेळी मूल तेच सांगते, पण त्याच शब्दांत सांगत नाही. आणि ह्या फरकालाच बचावपक्ष विसंगती म्हणतो. ज्या यंत्रणेने दहादा विचारून विसंगती निर्माण केली, तीच यंत्रणा शेवटी त्या विसंगतीच्या आधारे आरोपीला सोडते. ह्याहून क्रूर विनोद शोधून सापडणार नाही.

वैद्यकीय तपासणीबाबत थोडे तरी पुढे पाऊल पडले आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे हे नमूद केले पाहिजे. स्त्रीच्या ‘सवयी’विषयी निष्कर्ष काढणाऱ्या तथाकथित दोन बोटांच्या चाचणीच्या अशास्त्रीयतेविरुद्ध सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा भंग करणारी ठरविली, आणि २०२२ साली, ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले. नऊ वर्षांनी पुन्हा बजावावे लागले, ह्यातच अंमलबजावणीची कथा आली.

परंतु ही सर्व चर्चा पद्धतीची झाली. पद्धत कोणासाठी पाळली जाते आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. दिल्लीलगतच्या निठारी गावातून २००५-०६ मध्ये एकामागून एक मुले नाहीशी होत होती. त्यांचे आईबाप घरकाम करणारे, रिक्षा ओढणारे, कामाच्या शोधात परप्रांतांतून आलेले लोक होते. ‘पोर पळून गेले असेल’ म्हणून पोलीस त्यांना परत पाठवीत राहिले. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागील नाल्यातून हाडे व कवट्या निघू लागल्या, तेव्हा उत्खननाला प्रथम हात घातला तो आईबापांनी आणि शेजाऱ्यांनीच. पुढे तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, तपासाचे मूलभूत नियमही पाळले गेले नाहीत असे कठोर ताशेरे ओढून, आरोपींना सोडून दिले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या सुटकांना हात लावला नाही. मुले गेली ती गेलीच. ती कोणी मारली ह्याचे उत्तर भारताच्या न्यायव्यवस्थेपाशी आज नाही. श्रीमंताचे एक मूल नाहीसे झाले असते तर दुसरे नाहीसे होण्याआधी तो नाला उपसला गेला असता, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही.

काठुआ येथे जानेवारी २०१८ मध्ये भटक्या बकरवाल समाजाच्या आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. तेथे तर पोलिसांनीच पुरावा नष्ट केला. गुन्हे शाखेने तपास हाती घेऊन तो नेटाने पूर्ण केला. दोषारोपपत्र दाखल होऊ नये म्हणून वकिलांनी न्यायालयाच्या दारात अडथळा आणला. खटला पठाणकोटला हलवावा लागला. आणि जून २०१९ मध्ये तीन जणांना जन्मठेप झाली, तर तीन पोलिसांना पुरावा नष्ट केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. भारतात काठुआ ओळखले जाते ते झेंडे आणि घोषणा ह्यांमुळे. पण त्याचा खरा धडा वेगळा आहे. गोळी न घालता, जमावापुढे न झुकता, प्रयोगशाळा आणि साक्षी ह्यांच्या बळावर तपास पूर्ण होऊ शकतो, आणि पोलिसांचा अपराध पोलीसच शोधून काढू शकतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांचे होते. ती आरोपी म्हणून ठाण्यात आली नव्हती. तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी तिला बोलावले होते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केला नाही ह्या आधारावर, त्यांना पुन्हा सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ह्या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्री संघटना, विद्यार्थी आणि श्रमिक रस्त्यावर आले. १९८३ मध्ये कायदा बदलला. जबाबासाठी मुलीला ठाण्यात बोलावू नये, रात्री तेथे ठेवू नये, हे २०१२ च्या कायद्यातील साधे वाटणारे वाक्य देसाईगंजच्या त्या रात्रीची किंमत देऊन मिळाले आहे. बदलापूरला कुटुंबाला ठाण्यात बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसावे, ही गोष्ट त्याच्या प्रशिक्षणाविषयी बरेच काही सांगून जाते.

आता एक अप्रिय गोष्ट. पोलिसांना दोष देणे सोपे आहे. पण असंख्य प्रकरणे ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि ती वाटेत अडविणाऱ्यांमध्ये गावातील प्रतिष्ठित माणसे असतात. सरपंच असतो, संस्थेचा सचिव असतो, जातपंचायतीचे म्हातारे असतात, आणि कधीकधी पुरोगामी चळवळीचा कार्यकर्ताही असतो. ‘मुलीच्या लग्नाचे काय होईल’, ‘संस्थेचे नाव जाईल’, ‘माणूस आपला आहे, चुकला’, ‘गरिबाला कोर्टकचेरी परवडत नाही’, अशी वाक्ये बोलून प्रकरण मिटविले जाते, आणि मिटविणाऱ्याला आपण एका कुटुंबावर उपकार केल्याचे समाधान लाभते. २०१२ च्या कायद्याखाली हा उपकार नव्हे, अपराध आहे. माहिती दडविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. आश्रमशाळांतील आणि वसतिगृहांतील मुलांच्या बाबतीत तर हीच एक ढाल आहे. कारण त्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, आणि मूल ज्याच्याकडे तक्रार करणार तोच पुष्कळदा अत्याचारी असतो. कुलाब्यातील आश्रयगृहात रस्त्यावरच्या मुलांवर परदेशी चालकांनी केलेले अत्याचार २००१ मध्ये उजेडात आले ते पोलिसांच्या सतर्कतेने नव्हे. सामाजिक कार्यकर्ते आणि एक स्त्री वकील ह्यांनी मुलांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला म्हणून. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती रद्द केली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच मुलांची साक्ष ग्राह्य धरून ती पुन्हा कायम केली. दहा वर्षे ती मुले आपल्या शब्दावर टिकून राहिली. त्यांच्यापाशी घर नव्हते.

कायद्याचा दुरुपयोग होतो ह्याकडेही डोळेझाक करून चालणार नाही. ‘एन्फोल्ड’ ह्या संस्थेने आसाम, महाराष्ट्र व पश्चिम बंगाल ह्या तीन राज्यांतील २०१६ ते २०२० ह्या काळातील ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा त्यांतील १,७१५ प्रकरणे प्रेमसंबंधांची निघाली. सतरा वर्षांची मुलगी परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेली की बापाला हा कायदा आठवतो, आणि चार वर्षांच्या मुलीसाठी ज्या ठाण्याला वेळ नव्हता त्याच ठाण्याची गाडी त्या दोघांच्या मागे परजिल्ह्यापर्यंत धावते. जातीच्या प्रतिष्ठेसाठी पोलीस तत्पर आणि बालकाच्या वेदनेसाठी मंद, हे चित्र बदलावयाचे तर कायद्याच्या ह्या वापराचा स्वतंत्रपणे विचार करावा लागेल.

सरकारला मात्र दुसराच मार्ग सोयीचा वाटतो. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारास आणि २०१९ मध्ये पोक्सोखालील गंभीर अत्याचारास फाशीची तरतूद झाली. फाशीची तरतूद करण्यास एक पैसा लागत नाही. स्त्री उपनिरीक्षकांची भरती करण्यास लागतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतील रिक्त जागा भरण्यास लागतो. मुलाच्या बाजूने ठाण्यापासून न्यायालयापर्यंत चालणारी साहाय्यक व्यक्ती नेमून तिला वेळेवर मानधन देण्यास लागतो. सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये ह्याच साहाय्यक व्यक्तींच्या नेमणुकांसाठी आदेश द्यावे लागले. शिवाय अत्याचारी घरातलाच असेल तर फाशीच्या धाकाने आजी आणि आई साक्ष फिरवितात, हे न्यायालयांच्या आवारात रोज वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तपास दोन महिन्यांत संपविण्याचे बंधन १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही घातले आहे. पण प्रयोगशाळेचा अहवालच दोन महिन्यांत येणार नसेल तर तपास अधिकारी काय करील? तो अहवालाविना दोषारोपपत्र दाखल करील, आणि मुदत पाळल्याचे समाधान सरकारला मिळेल.

आणि जेथे एवढेही होत नाही तेथे चकमक उपलब्ध आहे. हैदराबाद येथे ६ डिसेंबर २०१९ रोजी एका तरुण पशुवैद्यक स्त्रीच्या खुनातील चार आरोपी अशाच ‘चकमकी’त मारले गेले, पोलिसांवर फुले उधळली गेली, आणि मे २०२२ मध्ये उघड झालेल्या न्या. सिरपूरकर आयोगाच्या अहवालात, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्याचा निष्कर्ष निघाला. बदलापूरच्या आरोपीविरुद्ध दोषारोपपत्र तयार होते. खटला उभा राहिला असता तर शाळेत त्या मुली कोणाच्या देखरेखीखाली होत्या, कंत्राटी माणसाची चौकशी न करता त्याला कोणी नेमले, तक्रार प्रथम कोणाला कळली आणि ती कोणी दाबली, चित्रीकरणाचे काय झाले, आणि ठाण्यातील ते बारा तास कोणाच्या सांगण्यावरून गेले, हे सर्व साक्षीपुराव्याने एका खटल्यात उलगडले असते. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही, आणि त्याच्याबरोबर इतरांचीही बरीचशी टळते. पेढे वाटणाऱ्या आईबापांचा संताप खरा होता. त्या संतापाचा लाभ कोणाला झाला हे पाहण्याचे काम राजकीय कार्यकर्त्याचे आहे.

युरोपातील आइसलँड ह्या लहानशा देशात १९९८ पासून ‘मुलांचे घर’ नावाची व्यवस्था चालते. साध्या घरासारख्या दिसणाऱ्या जागेत प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी एकदाच बोलते. पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश व बचावपक्षाचा वकील ते दुसऱ्या खोलीतून ऐकतात. डॉक्टर तेथेच असतो. आणि ते मुद्रण न्यायालयात साक्ष म्हणून चालते. उत्तर युरोपातील इतर देशांनी ही पद्धत उचलली. महाराष्ट्रासारख्या राज्याला प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असे एक घर उभारणे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. पण तोवर हातात असलेला कायदा राबवून घेणे कोणी अडविलेले नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे लागते, ज्यात दोन सामाजिक कार्यकर्ते असतील व त्यांपैकी एक स्त्री असेल. ह्या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठाण्यात ठळकपणे लावलेले असावयास हवेत. प्रत्येक शाखेच्या दोन कार्यकर्त्यांनी, त्यांपैकी एक स्त्री असावी, आपापल्या ठाण्यात जाऊन तो फलक वाचावा. त्यावर नाव नसेल, किंवा दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे असेल, तर ठाण्याच्या प्रमुखास लेखी विचारणा करून पोच घ्यावी, आणि तिची प्रत पोलीस अधीक्षक व जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला द्यावी. विशेष पथकातील दोन सामाजिक कार्यकर्ते कोण, त्यांची शेवटची बैठक कधी झाली, आणि ठाण्यात मुलाचा जबाब मुद्रित करण्याचे साधन चालू स्थितीत आहे काय, एवढे तीन प्रश्न त्याच अर्जात विचारावेत. रात्री-अपरात्री एखादी आई दार ठोठावील तेव्हा तिच्याबरोबर ठाण्यात जाणाऱ्याच्या खिशात ती पोच असलेली बरी.